मामांची तीन सेलची बॅटरी: कामाची वही

१ डिसेंबर २०२४, रविवार

मामा सकाळच्या एसटीनं आले. पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि खाली धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली आजोबांची तीन सेलची बॅटरी. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ भागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि आत घालतात त्याला सेल. वहीभर मी तसंच लिहिणार आहे.

तक्रार साधी. त्यांच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. "रात्री साडेदहाला येती, मग पहाटंपर्यंत पाण्याची दारं धरायची. तीन सेल चार रात्री बी पुरंनात. त्ये चार्जिंगचं काय असतंय की, तसलं कर." चार्जिंगची प्लास्टिकची बॅटरी त्यांनी आधी घेऊन पाहिली होती. पाटात पडली आणि गेली. ही पितळेची, वरून निकेलचा मुलामा, आता कडेनं पिवळी दिसायला लागलेली. ही पाटातच काय, विहिरीत पडली तरी काढून झटकून पेटवतील.

झाकण फिरेना. रबराच्या पट्ट्यानं धरून काढलं तर स्प्रिंगवर पांढरा-हिरवा थर. कधीतरी सेल फुटून पाणी गळलं होतं. कारखान्यात जो तो लिंबू चोळायला सांगतो. अल्कलाईन सेल गळला असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर बरोबर आहे, कारण तो खार असतो. हे मात्र साधे झिंकचे सेल, त्यांचं पाणी आंबट. त्याला खायचा सोडा लागतो. सोड्याच्या पाण्यात जुना दात घासायचा ब्रश बुडवून घासलं, फेस आला, मग स्पिरिटनं पुसलं. स्प्रिंग वाचली.

एक अट मी मामांना न विचारता स्वतःला घालून घेतली. बॅटरीत कापाकापी करायची नाही, डाग (सोल्डर) द्यायचा नाही, भोक पाडायचं नाही. चार्जिंगचे सेल उतरले आणि चार्ज करायला लाईट नसली, तर गावातल्या दुकानातले साधे मोठे सेल त्याच क्षणी आत बसले पाहिजेत.

८ डिसेंबर, रविवार

व्हर्नियर घेऊन बसलो. मोठा सेल, म्हणजे डी: लांबी ६१.५ मिलिमीटर, जाडी ३४ च्या आतबाहेर. पेन्सिल सेल, म्हणजे डबल ए: लांबी ५०.५, जाडी १४.५. म्हणजे प्रत्येक सेलमागे ११ मिलिमीटर लांबी कमी पडते आणि भोवती जवळजवळ १० मिलिमीटर मोकळं राहतं. भोवतीचं भरायला काहीही चालेल. लांबी भरायला मात्र वीज जाऊ देणारंच काहीतरी हवं.

पेन्सिल सेलच का? सोलापुरात नवी पेठेत मोठ्या मापाचे रिचार्जेबल सेल विचारले. दुकानदारानं एक जोडी काढून दिली. सालीवर २५०० एमएएच (सेलात किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं, आणि हातात घेतल्यावर इतके हलके की आत पेन्सिल सेलएवढाच माल असणार हे कळतं. खरे मोठे निकेल मेटल हायड्राइड सेल आठ-दहा हजार एमएएचचे असतात, पण ते दुकानात नव्हते आणि त्यांना लागणारा चार्जरही नव्हता. मोठ्या डब्यात छोटा सेल घालायचाच असेल तर तो डबा मी करतो की.

सेल कमी गळतीचे घेतले, २००० एमएएच. जुन्या पद्धतीचे निकेल मेटल हायड्राइड सेल नुसते कपाटात ठेवले तरी महिन्याभरात पाव हिस्सा उतरायचे. २००५ मध्ये जपानच्या सान्यो कंपनीनं एनेलूप आणले, तेव्हापासून वर्षभर ठेवूनही बराचसा भार टिकवणारे सेल मिळू लागले. मामांची बॅटरी आठवडाभर खुंटीला लटकते आणि मग रात्रीच्या पाळीत सगळं काम करते, म्हणून हेच.

घेतले सहा. बॅटरीला तीनच लागतात, पण माझा चार्जर जोडीजोडीनं चार्ज करतो, एक खाना रिकामा ठेवला की शेजारचाही बंद. सहा म्हणजे दोन संच. बायकोच्या नेलपॉलिशनं एका संचावर लाल ठिपका, दुसऱ्यावर काही नाही.

११ डिसेंबर, बुधवार, रात्री

जेवण झाल्यावर घाईघाईत पहिला प्रयोग. जुन्या कॅलेंडरचे कागद सेलभोवती गुंडाळून जाडी केली. लांबीसाठी रुपयाची नाणी. स्टीलचं नाणं दीड मिलिमीटरला किंचित कमी, सात नाण्यांचे दहा मिलिमीटर होतात, बाकी स्प्रिंग सांभाळते. २१ नाणी, तीन सेल, झाकण, बटण.

पेटली. पण उजेड असा, जणू देवापुढची समई.

आधी वाटलं १.२ व्होल्टचा दोष. साधा सेल १.५, हा १.२, तीन सेलांत फरक ०.९ चा. पण मीटरनं वेगळंच सांगितलं. तिन्ही सेलांची बेरीज ३.९ होती, आणि बल्बच्या टोकांवर पेटलेल्या अवस्थेत २.९. एक व्होल्ट वाटेतच गायब. थोडा भाग सेल स्वतः खातो, पण बाकीचा नाण्यांनी खाल्ला. स्टेनलेस स्टीलवर न दिसणारा पापुद्रा असतो, त्यामुळंच ते गंजत नाही, आणि तोच पापुद्रा विजेला आडवा येतो. एका सांध्याला फार नाही, पण सात नाण्यांचे आठ सांधे आणि असे तीन थर. बल्ब ०.३ अँपिअर ओढतो, तेवढ्यात बेरीज दिसते.

पडताळा म्हणून नाणी काढून प्रत्येक ठिकाणी तांब्याच्या जाड तारेची घट्ट गुंडाळी लावली. लगेच ३.५. म्हणजे १.२ व्होल्टचा दोष सगळे सांगतात तेवढा नाही. साधे सेल नवे असताना बल्बवर ४.१ मिळाले होते, पण तासाभरानं मोजलं तेव्हा ३.७ वर आले होते. निकेलवाला ३.५ वर सुरू होतो आणि तिथंच बसून राहतो.

१५ डिसेंबर, रविवार

आज हात पोळला. सविस्तर लिहून ठेवतो.

हिशेब असा होता. १४.५ जाडीचे तीन पेन्सिल सेल एकमेकांना चिकटून उभे केले तर त्यांच्याभोवतीचं वर्तुळ ३१.२ मिलिमीटरचं होतं. मोठ्या सेलच्या जागेत ते आरामात बसतं. मग एकाऐवजी तीन का नाही? तिन्ही समांतर जोडायचे, प्लस सगळे एका चकतीला, मायनस सगळे दुसरीला. २००० चे ६००० एमएएच. बॅटरीत एकूण नऊ सेल, वीस तास उजेड.

पत्र्याच्या दोन चकत्या कापल्या, मध्ये सेल, बाहेरून सायकलच्या ट्यूबचं रबर. पहिला डबा भरला. दुसरा भरताना बायको काहीतरी विचारत होती, मी हो-हो म्हणत सेल घातले आणि रबर ओढलं. दहा सेकंदांत बोटाला चटका, आणि रबर तापल्याचा वास. तीनपैकी एक सेल उलटा गेला होता. दोन सरळ सेल मिळून आपला सगळा जोर त्या उलट्या सेलात ओतत होते. मध्ये बल्ब नाही, काही नाही, अडवायला फक्त सेलांच्या आतला रोध, आणि या सेलांत तो नगण्य असतो. हीच त्यांची खुबी आणि हीच भीती. रबर कात्रीनं कापून सेल फरशीवर सांडले. उलट्या सेलची साल टोकाला आक्रसली होती. तो बाद. लाल ठिपक्याचाच होता. एक नवा आणून पुन्हा सहा केले.

साधे मोठे सेल एकामागे एक असतात. त्यांतला एक उलटा घातला तर फार तर उजेड मंद होतो, काही जळत नाही. समांतर जोडणीत चुकीला जागाच नाही. आणि ही चूक मी दिवसा, टेबलावर, चष्मा लावून केली. मामा ती रात्री बाराला, ओल्या हातांनी, उसाच्या कडेला बसून करणार. नऊ सेलचा बेत इथंच संपला.

१७ डिसेंबर, मंगळवार

कारखान्यातल्या एका पोरानं लॅपटॉपमधला लिथियम सेल सुचवला, १८६५० वाला. सूचना वेडगळ नाही. तो ६५ मिलिमीटर लांब, म्हणजे एका मोठ्या सेलपेक्षा साडेतीननं जास्त, पण तीन सेलच्या १८४.५ लांबीत एक हा आणि बाकी ११९.५ चा पितळी दांडा असं बसतं. पूर्ण चार्ज असताना ४.२ व्होल्ट, बल्बला गोड लागेल. पण जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलला शॉर्ट होण्यापासून आणि पार उतरण्यापासून वाचवणारी संरक्षणाची पाटी नसते, बॅटरीचं अंग सगळं धातूचं, आणि सेल पार उतरेपर्यंत मामा बटण बंद करणार नाहीत. नको.

२२ डिसेंबर, रविवार

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या टॉवेलच्या कारखान्यामागं एक अण्णा लेथ चालवतात. मागांचे सुटे भाग करून देतात. घरी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, लेथला शिव्या दोन्ही भाषांत. त्यांच्याकडं पितळी रॉडचा तुकडा पडून होता. मी सांगितलं, २७.५ जाडीच्या, ११ लांबीच्या तीन गोट्या काढून द्या, दोन्ही तोंडं एकदम सपाट.

"काय बे, बॅटरी करायलास का तराजूची वजनं?"

खरं तर वजनंच करत होतो. मामांनी गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं होतं की छोटे सेल घातल्यावर बॅटरी हलकी होणार का. होणार होती. साधा मोठा सेल ९५ ग्रॅमच्या आसपास, पेन्सिल सेल २७. तीन सेलमागे दोनशे ग्रॅम कमी. "मग कुत्र्याला काय दाखवू, हलकी बॅटरी?" मला तेव्हा हसू आलं, पण ती बॅटरी त्यांची काठीही आहे. हातात भार नसला तर त्यांना ती खेळणं वाटणार, आणि खुंटीलाच राहणार.

पितळेनं तिन्ही कामं एकदम केली. लांबी भरली, वीज नेली, वजन आणलं. प्रत्येक गोटी ५५ ग्रॅम, सेल २७, वरून नळ्यांचं वजन. टॉवेलचा जीएसएम (चौरस मीटरला किती ग्रॅम) काढायच्या काट्यावर एक भरलेला डबा ठेवला, ११३ ग्रॅम. साध्या सेलपेक्षा थोडा जडच.

गोटी पूर्ण ३४ जाडीची का नाही, असं अण्णांनी विचारलं. कारण बॅटरीचं अंगच मायनसची तार आहे. तळाच्या झाकणातून वीज पितळेच्या नळीतून वर बटणाकडं जाते. मधल्या सेलखालची गोटी जर अंगाला टेकली, तर तिच्या तळाशी असलेला सेल थेट शॉर्ट होणार. म्हणून गोटी प्लास्टिकच्या नळीच्या आतच राहिली पाहिजे.

नळी म्हणजे घरात वायरिंगला वापरतात तो कन्सिल पाईप. ३२, २५ आणि २० मिलिमीटर असे तीन, एकात एक जातात. बाहेरचा ३२ चा बॅटरीत जरा ढिला होतो, त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे. आत गोटी, तिच्यावर २५ आणि २० च्या ४८ लांबीच्या कड्या, आणि त्यांच्या मधोमध पेन्सिल सेल. सेल अजून जरा हलत होता, त्याच्याभोवती कागदाचा एक वेढा. कॅलेंडरचा जाड कागद आता एवढ्यापुरताच, नुसत्या कागदाचा डबा ओल धरतो आणि फुगतो.

२३ डिसेंबर, सोमवार

पेटेना. अजिबात पेटेना. गोट्या सरळ, सेल भरलेले, बल्ब ठीक. अर्धा तास बटणाला दोष दिला, बटण उघडायलाही घेतलं.

नळी मी बरोबर ६१.५ कापली होती. हुशारीच ती. पेन्सिल सेलचं बटण जेमतेम एक मिलिमीटर वर असतं. नळी आणि बटण एका पातळीवर आले की वरच्या डब्याच्या तळाशी बटण टेकतच नाही, नळीच नळीला टेकते. तिन्ही नळ्या ५९ केल्या. आता खालून गोटी दीड मिलिमीटर बाहेर, वरून बटण एक मिलिमीटर बाहेर. झक्क उजेड. मीटरवर ३.५५.

२९ डिसेंबर, रविवार

सलग पेटवून ठेवायची चाचणी. संध्याकाळी ५:१० ला सुरू, खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून. घरच्यांनी भिंतीवरच्या त्या गोल उजेडात सावल्यांचे ससे केले. ११:३५ ला, म्हणजे सहा तास पंचवीस मिनिटांनी, उजेड खाली यायला लागला. पुढच्या दहा मिनिटांत तांबडा ठिपका.

तास पुरेसे आहेत, पण ती दहा मिनिटं आवडली नाहीत. साधा सेल म्हाताऱ्यासारखा हळूहळू थकतो. आज उजेड पिवळा, उद्या आणखी पिवळा, परवा सेल आणायचे हे माणसाला आपोआप कळतं. निकेलवाला शेवटपर्यंत ताठ आणि मग एकदम मान टाकतो. रात्री पाण्यात उभ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे, पाटाच्या कडेला घोणस पडलेली असते. म्हणून दोन्ही संच बरोबर द्यायचे. एक बॅटरीत, दुसरा खिशात, आणि दोन रात्री झाल्या की उजेड असो नसो, संच बदलायचा.

एलईडीचा बल्बही लावून पाहिला, तोच कॉलरचा सांधा, सरळ बसतो. प्लस-मायनस बरोबर लागतं, तारेच्या बल्बला ते लागत नाही. वीज कमी खातो आणि जवळचं लख्ख दिसतं. पण ह्या बॅटरीचा आरसा मधल्या एका बारीक तारेच्या उजेडासाठी घडवलेला आहे. एलईडी उजेड समोर फेकतो, आरशाच्या वाट्याला फार येत नाही, झोत बनत नाही. गच्चीवरून लांबच्या पाण्याच्या टाकीवर दोन्ही मारून पाहिले. तारेचा झोत पोचला. एलईडी देतोय पिशवीत घालून, ठरवायचं मामांनी.

५ जानेवारी २०२५, रविवार

गावी. ज्वारी पोटऱ्यात. संध्याकाळी मामांना दोनदा भरून दाखवलं, मग डोळे मिटून त्यांना भरायला लावलं. दुसऱ्या वेळी जमलं.

रात्री बरोबर गेलो. अकराच्या सुमाराला मोटर चालू झाली. मामा एका हातात खोरं आणि काखेत बॅटरी धरून दार फोडतात, पाणी सरीत गेलं की तोच चिखल पुढच्या दाराला लावतात. बॅटरी लागते ती फार तर अर्धा मिनिट, पण शंभर वेळा. सहा तासांची मोजदाद मी खोलीत केली होती, इथं ती दोन रात्री सहज जाईल.

बांधावर बसून चहा पिताना त्यांनी बॅटरी हातात तोलली. "ही बरी भरली," म्हणाले. उजेडाबद्दल काही बोलले नाहीत.

१६ जानेवारी, गुरुवार

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, मामी आणि मुलं आली होती. सिद्धेश्वराचं दर्शन, पाळणे, भेळ. मामीकडून कळलं की बॅटरी ठीक आहे आणि शेजारच्यांनीही तसले डबे मागितलेत. एलईडी मामींनी चुलीपुढच्या छोट्या बॅटरीला लावलाय.

२६ जानेवारी, रविवार

मामांचा फोन: "एक शेल गेलाय बघ."

एसटीवाल्याच्या हातानं सेल मागवले. लाल ठिपक्याचा एक ०.३ व्होल्ट दाखवतो. एकट्यानं असं होत नाही. खोदून विचारल्यावर गोष्ट बाहेर आली. एका रात्री दुसरा संच घरी राहिला, बॅटरी उतरली. वस्तीवर एक साधा मोठा सेल होता. मामांनी एक डबा काढून तो तिथं घातला. "पेटली की मग. झकास पेटली." पेटणारच. पण साध्या सेलमध्ये दम शिल्लक आणि बाकीचे दोन पेन्सिल सेल रिकामे. तो धडधाकट सेल आपली वीज त्या दोघांतून रेटत राहिला. ज्याच्यात आधी काहीच उरलं नाही तो उलटा चार्ज झाला, आणि उलटा चार्ज झालेला निकेल सेल कायमचा बिघडू शकतो.

साधे सेलही बसले पाहिजेत ही अट माझीच होती. त्या अटीतून हे भगदाड मीच ठेवलं. मामांवर कसं चिडणार?

२ फेब्रुवारी, रविवार

तीन डबे रद्द. ३२ च्या पाईपची एकच नळी, लांबी १८२. गोटी, सेल, गोटी, सेल, गोटी, सेल, वर बटण एक मिलिमीटर, खाली गोटी दीड मिलिमीटर, बेरीज १८४.५. गोट्या त्याच, कड्या त्याच. आता नळी आत जाते ती अख्खी, बाहेर येते ती अख्खी. एक काढून दुसरा घालता येतच नाही. साधे मोठे सेल घालायचे तर तिन्ही घालायचे. नळीच्या वरच्या टोकाला लाल चिकटपट्टी, म्हणजे अंधारात नाही तरी उजेडात तोंड कळेल. बोटाला कळावं म्हणून त्याच टोकाला रिंगणासारखा सुतळीचा एक वेढा फेविक्विकनं बसवला. बॅटरीच्या नळीत तो जरा घासतो, पण जातो.

एक सेल नवा हवा होता. पण नव्याची जोडी जुन्या दोघांशी लावली नाही. तिन्ही नवेच घेऊन त्यांना लाल ठिपका दिला, आणि जुने दोन घड्याळाला आणि रिमोटला लावले.

अण्णांकडं रॉड संपलाय. शेजारच्यांच्या दोन नळ्यांसाठी सहा गोट्या लागतील. अण्णा म्हणतात मंगळवारी बघू, आणि या वेळी पितळेचे पैसे आधी.